दिवेआगरच्या वाडीतली न्याहारी

केळी पिकवणाऱ्या घरात सकाळी चहाबरोबर विकतची खारी आणि बिस्किटे खाल्ली जातात, हे सांगायला मला आता थोडी लाजच वाटते. पण खरे ते सांगितले पाहिजे. आमचे गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याकाठी. उसाबरोबर आता आमच्याकडे केळीच केळी झाली आहे. व्यापाऱ्याची माणसे येतात, घड कापतात, फण्या धुतात, पेट्या भरतात आणि निघून जातात. ज्या फणीला डाग पडला, जे केळे वाकडे निघाले, जे दोन दिवस आधी पिकले, ते बांधावर पडते. थोडे गुरांच्या पुढे जाते, थोडे उकिरड्यावर. आणि आम्ही बायका सकाळी मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन त्यांना शाळेला धाडतो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयता कोकणात जाऊन आलो. माझी एक चुलत नणंद रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला दिलेली आहे. लग्नानंतर तिच्याकडे जाणे झाले नव्हते असे नाही, पण गेले ते लग्नाला नाहीतर बारशाला, एका दिवसात पाय लावून परत. या वेळी वन्संनीच फोनवर दटावले, "वहिनी, आता चार दिवस राहायचं ठरवूनच ये. नाहीतर येऊ नकोस." तेव्हा गुरांची सोय दिरांवर टाकून निघालो.

पुण्याहून एस. टी. ने ताम्हिणी घाट उतरलो. घाट उतरताच हवा बदलते, हे तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. अंगातला स्वेटर आपोआप निघतो. पुढे निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि मग बोर्ली पंचतन. तिथून दिवेआगर हाकेच्या अंतरावर. रस्त्याला घरांच्या पाट्या पाहात गेले तर दर दुसऱ्या घरावर 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' असे लिहिलेले. सुवर्णगणेशाचे देऊळ गावातच आहे. १९९७ साली एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाचे नाव सगळीकडे झाले. २०१२ साली तो चोरीला गेला. पुढे २०२१ मध्ये पुन्हा स्थापना झाली. हे दर्शनाला गेले, मी मात्र वन्संबरोबर सरळ वाडीत शिरले.

आपल्याकडे वाडी म्हटले की चार घरांची वस्ती. तिकडे वाडी म्हणजे घरामागची बाग. वर माड, त्याच्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेले मिऱ्याचे वेल, मधून जायफळाचे एखादे झाड, आणि सगळ्यांच्या पायाशी केळी आणि अननस. एका गुंठ्यात एकावर एक चार मजले. ऊन खाली उतरते ते गाळून घेतल्यासारखे. आम्ही दोन केळींमधले अंतर दोरी लावून मोजणारी माणसे. हे म्हणाले, "इथं कोण कुणाच्या सावलीत आहे तेच कळत नाही." केळीसुद्धा आमच्यासारखी एका मापाची नव्हे. बोटभर लांबीची, पातळ सालीची, आंबटगोड वेलची केळी. आपण ज्याला घड म्हणतो त्याला तिकडे लोंगर म्हणतात. लोंगर पडवीत टांगून ठेवायचा आणि पिकेल तसे खायचे. पण त्याची एक खोड आहे. तो पिकायला लागला की दोन दिवसांत सगळाच पिकतो. शंभरावर केळी एकदम मऊ झाली तर खाणार तरी किती माणसे?

याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी पहाटे मिळाले. जाग आली तीच गूळ आणि केळे तळल्याच्या वासाने. स्वयंपाकघरात वन्संच्या सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, पण हात असा चालत होता की बघत राहावे. केळीच्या पानाच्या तुकड्यावर गोळा ठेवायचा, तेलाच्या बोटांनी थापायचा, पान उलटे करून अलगद हातावर घ्यायचा आणि कढईत सोडायचा. सोडला की क्षणभर तो तळाशी बसतो, मग वर येतो आणि फुगतो. हे घारगे. आपल्याकडेही लाल भोपळ्याचे घारगे करतात. मी स्वतः करते. पण पिकल्या केळ्याचे केलेले मी पहिल्यांदाच खाल्ले. वर कडक नाही, आत ओला नाही. साखरेचा गोडवा वेगळा, हा वेगळा. चार खाल्ले, आणि पाचवा आजींनी न विचारता वाढला.

मी त्यांना कृती विचारली तर त्या म्हणाल्या, "कृती कसली? केळं असेल तेवढं घ्यायचं, पीठ मावेल तेवढं घालायचं." अशा बायकांकडून माप काढून घेणे म्हणजे विहिरीतून सुई काढणे. शेवटी मी त्यांच्या शेजारी वाटी घेऊन बसले, आणि त्यांनी हातात घेतलेली प्रत्येक वस्तू आधी माझ्या वाटीत घालायला लावली. त्यावरून उतरवलेले प्रमाण असे आहे.

साल काळी पडू लागलेल्या केळ्यांचा कुस्करून झालेला लगदा एक वाटी. वेलची केळी सहा-सात लागतात, आपली मोठी असतील तर दोन पुरतात. त्यात अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ घालून हाताने कालवावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे गूळ विरघळतो आणि खडे राहात नाहीत. गुळाचा खडा राहिला तर तो तेलात जळतो आणि घारग्याला तिथे भोक पडते. मग दीड वाटी कणीक, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन. पाण्याचा थेंब घालायचा नाही. केळ्यातच पाणी पुष्कळ असते, आणि गूळ आणखी सोडतो. पीठ पुरीच्या पिठापेक्षा सैल, भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट असे झाले की अर्धा तास झाकून ठेवावे. त्याहून जास्त ठेवू नये. जास्त ठेवले की पाणी सुटते, पीठ हाताला चिकटते, आपण वरून आणखी पीठ घालत जातो आणि घारगे दगड होतात. थापताना वर थोडे तीळ लावतात. आच मध्यमच हवी. पिकल्या केळ्यात साखर भरपूर असल्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरून लगेच काळे होते आणि आत कच्चे राहते.

आजींचा एक नियम मला फार आवडला. पहिला घारगा कढईत सोडायचा आणि तेवढाच तळून मोडून बघायचा. तेल प्याला असेल तर केळे जास्त झाले आहे, मूठभर कणीक घालायची. फुगला नाही आणि कडक झाला तर पीठ जास्त झाले आहे, अर्धे केळे कुस्करून घालायचे. पहिला बिघडला तरी बाकीचे पंचवीस वाचतात.

आता हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, की केळीचे चार घारगे खायला एवढ्या लांब कशाला जायचे? ते सांगते.

त्या वाडीत फिरताना मला एक गोष्ट खटकत होती. माड उंच होते ते मोजकेच. पोफळी तर बहुतेक माझ्या डोक्याएवढ्या किंवा थोड्या वर. एवढी जुनी वाडी आणि झाडे अशी पोरवयाची कशी? वन्संना विचारले तर त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तीन जूनला इथं आकाश दिसायला लागलं, वहिनी."

३ जून २०२० चे ते निसर्ग चक्रीवादळ. आपण देशावर ते टाळेबंदीत घरात बसून दूरदर्शनवर पाहिले आणि विसरलो. ते रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला, भर दुपारी जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड हा सगळा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. माड मुळासकट आडवे झाले, पोफळी मध्यावर मोडल्या. वन्संच्या वाडीत दोनशेवर पोफळी होत्या. संध्याकाळी वारा पडल्यावर मोजल्या तर अकरा उभ्या होत्या. घराचे कौल उडाले ते निराळेच. त्यांच्या आळीत वीज यायला महिना लागला.

उसाचे पीक गेले तर वर्ष जाते. केळ गेली तरी वर्षच जाते. पण पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला पाच-सहा वर्षे तरी लागतात, आणि माडाला त्याहूनही अधिक. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनलाच आहे. ज्या सुपारीवर सासऱ्यांनी मुलींची लग्ने केली, मुलांची शिक्षणे केली, ती एका दुपारी गेली. आणि वाडी मोकळी झाली म्हटल्यावर जमीन विकत घेणारे दारात आले. समुद्राजवळची जागा! आकडा ऐकून वन्संच्या मुलाचे मन डळमळले. त्याचेही चूक नव्हते. हातात पैसा नाही, टाळेबंदीमुळे पाहुणे नाहीत, समोर मोडलेल्या खोडांचा ढीग. वन्संचे यजमान काहीच बोलेनात. घरात आठ-आठ दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हते, असे वन्सं म्हणाल्या.

तेव्हा या वाकलेल्या पाठीच्या आजींनी काय केले असेल? त्या मोडलेल्या वाडीत फिरल्या आणि आडव्या झालेल्या केळींच्या बुडाशी आलेले मुनवे त्यांनी खुरप्याने काढायला सुरुवात केली. कोणाला काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वन्सं गेल्या, तिसऱ्या दिवशी सून गेली.

यातले शेतीचे मर्म तुम्हाला सांगायला हवे. पोफळीचे रोप उघड्या उन्हात तगत नाही, त्याला लहानपणी सावली लागते. पूर्वी ती जुन्या झाडांचीच मिळे. आता जुनी झाडेच नव्हती. म्हणून आधी केळ लावायची, ती वर्षभरात डोक्यावर जाते, मग तिच्या आडोशाला पोफळीची रोपे. केळ स्वतः फळ देते आणि शेजारच्या पोराला सांभाळते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातून वर गुजरातकडे गेले, तेव्हा त्याच्या वाऱ्याने यातल्या निम्म्या केळी पुन्हा पडल्या. पुन्हा मुनवे काढले, पुन्हा लावले, आणि त्या पावसाळ्यात पोफळी लावल्या. "केळ जगली तर पोफळ जगते, नाहीतर काहीच नाही," वन्सं म्हणाल्या.

पण एवढ्या केळी लावल्यावर केळ्यांचे लोंगरही तेवढेच. बाजारात सगळ्यांच्याच वाडीतली केळी आली, कारण सगळ्यांनीच सावलीसाठी केळ लावलेली. दर पडला. इथे धाकट्या सुनेची गोष्ट सुरू होते.

ही मुलगी पनवेलकडची, शिकलेली, बोलायला तुटक पण हाताला चलाख. पुढे पर्यटक पुन्हा येऊ लागले तेव्हा तिने पडवीला लागून दोन खोल्या नीट करून घेतल्या. पाहुणे सकाळी पाव-आम्लेट मागत. पाव बोर्लीहून आणायचा, अंडी विकत आणायची, हातात उरायचे ते फार थोडे. पडवीत केळी काळी पडताहेत आणि आपण पावाला पैसे मोजतो आहोत, हे तिला सहन होईना. तिने पाहुण्यांच्या ताटात आजींचे घारगे वाढले. मोठ्या माणसांना आवडले, पण मुंबईच्या एक-दोन बायका तळलेले नको म्हणाल्या. म्हणून तिने ते भाजून पाहायचे ठरवले.

भट्टी तिच्याकडे नव्हती, पण कोकणातल्या बायकांना भट्टीशिवाय भाजता येते. श्रावण-भाद्रपदात तवसे, म्हणजे आपली मोठी जून काकडी, किसून तांदळाच्या रव्यात आणि गुळात शिजवतात आणि जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली मंद आच व वर झाकणावर निखारे ठेवून भाजतात. त्याला धोंडस म्हणतात. ही युक्ती सुनेने घारग्यांना लावली. पण भाजायचे म्हणून जाड केलेले घारगे कडेने लाल आणि मध्ये कच्चे राहू लागले. तीन-चार वेळा गुरांना घालावे लागले. मग एके दिवशी तिने प्रत्येकाच्या मध्ये बोटाने आरपार भोक पाडले. आच मधूनही लागू लागली आणि ते सारखे भाजून निघाले. पाहुण्यांच्या लहान मुलाने ते पाहिले आणि ओरडला, "आई, डोनट!"

आजींना हे अजिबात पटले नाही. "भोक पाडलं की वाफ जाणार. मग फुगणार कसा? न फुगणारा घारगा तो घारगा कसला?" त्याहून त्यांना लागले होते ते दुसरेच. घरी आलेल्या माणसाला घातलेल्या न्याहारीचे पैसे घ्यायचे, हेच त्यांना मान्य नव्हते. सुपारी विकावी, नारळ विकावा, पण सकाळचे खाणे कोणी विकते का? यावर सासू-सुनांमध्ये बरेच काही झाले असावे. वन्संनी मला सगळे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आता एवढेच ठरले आहे की तळलेले, फुगलेले घारगे आजी करतात ते घरच्यांसाठी, आणि भोकाचे भाजलेले सून करते ते पाहुण्यांसाठी. दोन चुली, दोन हिशेब. मला विचाराल तर दोघींचे बरोबर आहे.

सुनेचे भाजलेले घारगे असे. केळ्याचा लगदा एक वाटी, गूळ अर्धी वाटी, तीन चमचे पातळ तूप, दोन चमचे आंबट दही, सव्वादोन वाट्या कणीक, पाव चमचा खायचा सोडा, चिमूट मीठ, थोडे किसलेले जायफळ. जायफळ वाडीतलेच. सोडा शेवटी कणकेत मिसळून घालावा आणि मग पीठ फार मळू नये. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो, त्यानेच घारगा हलका होतो. मळत बसले तर तो निघून जातो आणि कणीक चिवट होते. तूप लावलेल्या हाताने लिंबाएवढा गोळा चपटा करून मध्ये बोट घालून चांगले रुंद भोक पाडावे, कारण भाजताना ते निम्मे बुजते. जाड बुडाच्या लंगडीत केळीचे पान घालून त्यावर ते सुटे सुटे ठेवावेत. खाली अगदी मंद आच, झाकणावर करवंटीचे निखारे. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. निखारे खालपेक्षा वर जास्त हवेत. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी जुन्या कढईत बोटभर मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि मग घारग्यांची थाळी आत ठेवावी. वरून रंग कमी येतो, पण भाजतात चांगले. गरम असताना वर तुपाचे बोट फिरवावे.

केळ्यावरच सगळे आहे असे समजू नका. मे महिन्यात बरका फणस पिकला की त्याच्या रसात तांदळाची कणी भिजवून सांदणे उकडतात आणि नारळाच्या दुधाबरोबर खातात. थंडीत लाल भोपळा. मधल्या काळात कच्च्या केळ्यांचे पीठ. झाडावर जे असेल ते सकाळच्या ताटात. आमच्याकडे ऋतू कोणताही असो, पुडा तोच.

चौथ्या दिवशी निघालो. परत त्याच वाटेने न जाता किनाऱ्याने वर जायचे ठरले. एक सकाळ श्रीवर्धनला काढली. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे ते मूळ गाव. मग दिघीहून जंगलजेटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. मोटारी, फटफट्या, टोपल्या आणि माणसे सगळी एकाच तराफ्यावर. ह्यांचा जीव गाडीत नसताना उगीच गाड्यांकडे. मुरूडला जंजिरा लांबूनच पाहिला, होडीत बसायला मी तयार झाले नाही.

मुरूडच्या पुढे काशीद आणि मग कोर्लई. तिथल्या किल्ल्याखालच्या वस्तीत अजून पोर्तुगीज मिसळलेली एक वेगळीच बोली बोलतात. पलीकडे रेवदंडा आणि चौल. हा मुलूख १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, मग मराठ्यांकडे आला. आपण ज्यांना अगदी आपली फळे समजतो ती अननस, पपई, पेरू, काजू याच लोकांच्या जहाजांतून अमेरिकेकडून या बाजूला आली. चौलच्या वाड्यांतून जाताना मला अननसाकडे बघून गंमत वाटली.

अलिबागला मुक्काम केला. तिथे इस्रायल आळी आहे, आणि तिच्यात बेने इस्रायल लोकांचे जुने प्रार्थनामंदिर. हे ज्यू लोक शेकडो वर्षांपासून या किनाऱ्यावरचे. अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, असे ते परंपरेने सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बोली मराठी, नऊवारी लुगडी, आणि नवसाला मलिदा. तोही पोहे, गूळ, नारळ आणि फळांचा. १९४८ मध्ये इस्रायल देश झाल्यानंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आता आळीत थोडीच घरे उरली आहेत.

तिकडे इस्रायलमध्ये मार्गशीर्षाच्या सुमारास हनुका नावाचा दिव्यांचा सण येतो. तेलाची आठवण म्हणून त्यात तळलेले पदार्थ खातात, आणि त्यातला मुख्य म्हणजे फळांचा मुरंबा भरलेला डोनट. नवल म्हणजे जुन्या काळी या बेने इस्रायलांना हनुका माहीतच नव्हता, तो त्यांना पुढे बाहेरच्या ज्यूंकडून कळला. म्हणजे अलिबागच्या घाण्याचे तेल गाळणाऱ्यांची नातवंडे आज परदेशात तेलाचा सण फळांच्या डोनटने साजरा करतात, आणि दिवेआगरची सून चुलीवर फळाचेच घारगे भाजते. दोघांची गाठ कधी पडणार नाही. असो. मला त्या आळीत उभे राहून हे सुचले, म्हणून सांगितले.

पेण, खोपोलीवरून पुणे, आणि पुण्याहून करमाळा. घरी पोचलो तर बांधावर डागी फण्यांचा ढीग होताच. दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून केले. पहिला घाणा साफ फसला. आमची मोठी केळी दोन घ्यायची ती मी हौसेने तीन घेतली आणि पहिला घारगा मोडून बघायचे विसरले. तेल पिऊन मऊ पडलेले ते घारगे माझ्या सासूबाईंनी काही न बोलता कागदावर निथळत ठेवले, आणि ते न बोलणेच जास्त लागले. दुसऱ्या दिवशी माप घेऊन केले. मुलांनी खाल्ले, थोरल्याने चार डब्यात नेले, आणि बिस्किटाचा पुडा त्या दिवशी फडताळातून निघाला नाही. तिसऱ्या दिवशी निघाला, ते मात्र लपवत नाही. आठवड्यातून तीनदा करायचे असे मी सध्या ठरवले आहे.

दिवेआगरला फोन लावला. वन्संनी आधी वाडीची बातमी दिली. २०२१ मध्ये लावलेल्या पोफळींपैकी सात-आठ झाडांना पहिली पोय आली आहे. मुलगा रोज सकाळी जाऊन बघून येतो. जमिनीचे गिऱ्हाईक मध्ये पुन्हा येऊन गेले, त्याला चहा दिला, भोकाचे दोन घारगे दिले आणि परत पाठवले. पुढच्या वेळी काय होईल ते तेव्हा बघू, असे त्या म्हणाल्या.

मग फोन आजींच्या हातात गेला. त्यांना ऐकायला कमी येते, म्हणून त्या ओरडूनच बोलतात.

"केलेस का गं?"

"केले, आजी."

"फुगले?"

"निम्मे फुगले."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "आच मोठी ठेवतेस तू."

आणि फोन ठेवला.